ओव्हाळांची भिंत

ज्ञानदेव ओव्हाळांच्या घरात देवघर नव्हतं, भिंत होती. विश्रांतवाडीतल्या त्या दोन खोल्यांच्या पुढे चार खोल्या झाल्या, पत्रा जाऊन स्लॅब आला, पण पुढच्या खोलीतल्या त्या एका भिंतीला कुणी हात लावला नाही. तिच्यावर खिळा ठोकायचा नाही, कॅलेंडर टांगायचं नाही, तिला कपाट टेकवायचं नाही, असा दंडकच होता. नवख्या पाहुण्याला वाटायचं, हे लोक फोटो लावायचे विसरले असतील. फोटो समोरच्या भिंतीवर होते, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा. ही भिंत पाठीसाठी होती.

पद्धत अशी, की अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून वंदना झाली, की घरातल्या प्रत्येकाने त्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. मग घरातलं सगळ्यात मोठं माणूस यायचं आणि खांद्यामागे बोटं घालून बघायचं. बोटं आत शिरली तर "पुन्हा". नाही शिरली तर "सरळ". हा शब्द ऐकल्याशिवाय खिरीची वाटी हातात पडत नसे. नव्या सुनेलासुद्धा सुटका नव्हती. सत्यशीलाबाई लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला अशा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपली उंची मोजतायत.

ही पद्धत घातली ज्ञानदेवांच्या वडिलांनी, सुखदेवांनी; घरात त्यांना आबा म्हणत. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात त्यांना सगळे सुख्या म्हणायचे. मोठ्यांच्या आळीतून जाताना चपला हातात, मान खाली आणि पाठ वाकलेली, असं चालायचं. छपन्न साली त्यांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं आणि खडकीच्या कारखान्यात कामाला लागले. पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्याने खणखणीत आवाजात पुकारलं, "सुखदेव भिवाजी ओव्हाळ!" तर हे मागे वळून बघायला लागले, की हा कोण मोठा माणूस आलाय. ही गोष्ट ते म्हातारपणीही हसत हसत सांगायचे आणि सांगून झाली की गप्प बसायचे. नाव मिळालं होतं, पण पाठीला वाकायची सवय होती. ती मोडायला त्यांनी स्वतःच्या घराची पहिली भिंत उभी राहिल्याबरोबर तिला पाठ लावली. दुखायची, तरी रोज लावायचे.

त्यांच्या मुलाची पाठ मग काय विचारता! ज्ञानदेव त्याच कारखान्यात फोरमन झाले, निवृत्त झाले, केस पिकले, पण चालायचे ते अजून संचलनात असल्यासारखे. बसमध्ये टेकून बसत नसत. आजारपणातही पलंगावर ताठ. "अहो, जरा सैल बसलात तर पेन्शन बंद होणार नाही," असं सत्यशीलाबाई म्हणायच्या. त्यावर ज्ञानदेव उत्तर देत नसत, कारण उत्तर द्यायला मान वळवावी लागली असती.

त्यांना एकच मुलगी, आम्रपाली. ती हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होती आणि कंपनीने तिला दोन वर्षं तैवानला पाठवलं. ज्ञानदेवांनी ही बातमी विश्रांतवाडीत इतक्या जणांना ऐकवली, की चौकातले रिक्षावालेसुद्धा विचारायला लागले, "ताई काय म्हणतात तिकडे?" ती परत आली तेव्हा सोबत चॉकलेटं होती, आईसाठी रेशमी रुमाल होता आणि एक नवाच नाद होता. तिथल्या बागेत एक म्हातारी बाई रोज सकाळी लोकांना शिकवायची. ताओ नावाचा तिथला फार जुना विचार आहे, त्यातून आलेलं हळू हलणं, श्वासाकडे बघणं, हात समोर गोल धरून खांबासारखं निश्चल उभं राहणं, आणि अधूनमधून एखादं कोडं. आम्रपाली आता गच्चीवर तशी उभी राहायला लागली. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी सत्यशीलाबाईंना हळूच विचारलं, "बरी आहे ना हो पोरगी?"

पोरगी बरी होती, पण चहाच्या वेळेला कोडी घालायची.

"आई, गाळणीत जाळी कामाची की भोकं?"

"आधी चहा गाळ. मग दोघांचंही सांगते," सत्यशीलाबाई म्हणायच्या.

ज्ञानदेवांना मात्र ही कोडी मनापासून आवडायला लागली होती. त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही, पण चहाला ते आता वेळेच्या जरा आधीच येऊन बसत.

"पप्पा, काल कंपनीची बस वाकडला तासभर अडकली. आतले सगळे घाईत होते. बस तर जागेवर उभी होती. मग घाई होती कुठे?"

ज्ञानदेवांनी बशीतला घोट संपवला. "ड्रायव्हरच्या डोक्यात नव्हती, म्हणून पोचलात."

आम्रपाली इतकी हसली की तिच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. "माझ्या म्हातारीने अगदी हेच म्हटलं असतं!" त्या दिवशी ज्ञानदेव संध्याकाळपर्यंत खुशीत होते. तैवानच्या म्हातारीशी आपलं जमलं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

बिनसलं ते 'मऊ' या शब्दावरून. आम्रपालीने बागेत रविवारी सकाळी वर्ग सुरू केला होता. निवृत्त माणसं, कॉलनीतल्या बायका, खराडीच्या ऑफिसांमधली पाठ धरलेली तरुण मंडळी, असे बरेच जण यायला लागले होते. एकदा घरीच ती आईला शिकवत होती. "आई, जोर लावू नकोस. समोरून जोर आला ना, की मऊ हो. त्याला जागा दे."

ज्ञानदेवांनी पेपर खाली ठेवला.

"जागा दे? आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जागाच दिली, अमू. रस्त्यात दिली, पाणवठ्यावर दिली, शाळेत दिली. तुझ्या आजोबांनी जागा द्यायचं बंद केलं, म्हणून तू विमानात बसलीस. आम्ही न वाकायला शिकलो, आणि तू लोकांना मऊ व्हायला शिकवतेस?"

"पप्पा, मऊ होणं म्हणजे वाकणं नाही."

"मग काय?"

"सांगून नाही कळत. करून बघावं लागतं."

"सगळे बुवा-महाराज हेच सांगतात," ज्ञानदेव म्हणाले आणि पेपर पुन्हा वर धरला.

पेपरमागे त्यांना तिचा चेहरा दिसला नाही, ते बरंच झालं. नास्तिक बापाच्या मुलीला बुवा म्हणण्याइतकी लागणारी शिवी दुसरी नाही. त्या दिवसापासून चहाला कोडी येईनाशी झाली. चहा यायचा, बिस्किटं यायची. ज्ञानदेव वेळेच्या आधी येऊन बसायचे आणि काही न होता उठून जायचे.

पुढे बाग दुरुस्तीसाठी बंद होणार अशी पाटी लागली. आम्रपालीच्या वर्गाला जागा हवी होती, आणि वस्तीतल्या विहाराचा वरचा हॉल सकाळी रिकामा असायचा. विहार समितीचे अध्यक्ष कोण, तर ज्ञानदेव ओव्हाळ. दुसरी एखादी मुलगी असती तर भाजी वाढता वाढता घरीच विचारून मोकळी झाली असती. ही रीतसर विहारात गेली आणि सचिव संपतरावांकडे तिने हॉल मागितला. संपतरावांनी ज्ञानदेवांना सांगितलं, तेव्हा त्यांची छाती फुगली. "बघितलंस? वशिला नाही लावला," असं त्यांनी सत्यशीलाबाईंना ऐकवलं, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की आपण तिच्याशी धड बोलत नाही आहोत.

आता अध्यक्ष म्हटला की त्याने आधी खात्री करायला हवी, आणि मुलगी स्वतःची म्हटल्यावर दुप्पट करायला हवी. हॉलचं समितीच्या सभेत ठरणार होतं; त्याआधीच्या रविवारी ज्ञानदेव दुधासाठी पिशवी घेऊन घराबाहेर पडले आणि डेअरीकडे न जाता बागेकडे वळले. आत गेले नाहीत. कण्हेरीच्या झुडपाआडून कठड्याच्या गजांमधून बघत उभे राहिले. ताठच उभे राहिले, त्यामुळे लपले होते असं काही म्हणता येणार नाही.

तीसएक माणसं ओळीने उभी होती. सगळ्यांचे गुडघे वाकलेले, नजरा जमिनीकडे, हात पुढे धरलेले, जसं कुणाकडून काही मिळायची वाट बघतायत. त्यांच्यामधून आम्रपाली सावकाश फिरत होती. ती एकेकाच्या मागे जायची, पाठीवर हात ठेवायची, आणि तिचा हात लागला की तो माणूस अजून थोडा खाली जायचा. त्यात नागोराव होते! नांदेडकडचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले, समितीतले त्यांचे जुने सोबती. साहेबाच्या निरोप समारंभातसुद्धा ज्यांनी पाया पडायला साफ नकार दिला होता, ते नागोराव गुडघ्यात वाकून, डोळे खाली घालून आम्रपालीपुढे उभे होते. शेवटी सगळ्यांनी एकदम हात खाली नेले, आणि ज्ञानदेवांना वाटलं, आता हे हिच्या पायाला लावणार.

पुढचं बघायला ते थांबलेच नाहीत. दूध न घेताच घरी आले.

"लोक तिच्यापुढे वाकतात," ते सत्यशीलाबाईंना म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. आबांच्या नातीपुढे माणसं वाकतायत."

"तिला विचारलंत का?"

"सभेत विचारीन. अध्यक्षाने घरी खासगीत बोलायचं नसतं."

"बापाने बोलायचं असतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आणि दूध कुठाय?"

ज्ञानदेव रागावले होते असं कुणालाही वाटलं असतं. खरं तर त्यांना भीती वाटत होती. आबांनी हाडं दुखवून जे सरळ केलं, ते आपल्याच घरातून पुन्हा वाकायला निघालं असेल, तर आपण बाप म्हणून काय केलं, हा एकच प्रश्न त्यांना आठवडाभर छळत होता. मुलीला हॉल मिळतो की नाही याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आपल्या बापाची पाठ तिच्यात शिल्लक आहे की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

सभा विहाराच्या त्या वरच्या हॉलमध्येच भरली. वंदना झाली, सगळे सतरंजीवर बसले. समिती होती, आणि वर्गातले काही जण आम्रपालीसोबत आले होते. त्यांत खराडीला नोकरी करणारी चैताली नावाची एक मुलगी होती, तिच्या गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र लोंबत होतं.

संपतरावांनी सुरुवात केली. "ताई, हा ताओ म्हणजे कोणता देव म्हणायचा?"

"देव नाही काका. ताओ म्हणजे रस्ता. आपण मार्ग म्हणतो ना, तसं. कुणाची पूजा नाही, कुणाचा फोटो नाही, प्रसाद नाही. उभं राहायचं, श्वास बघायचा, आणि कुठे उगाच जोर लावतोय ते शोधायचं."

"प्रसाद नाही म्हणताय तर गर्दी होणार नाही," संपतराव म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

"माझी आहे," ज्ञानदेव म्हणाले.

ज्ञानदेव उभे राहिले. बसून बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"अध्यक्ष म्हणून मी स्वतः जाऊन बघितलं. अर्जदार माझी मुलगी आहे, म्हणून मी गप्प बसणार नाही. माणसं तिच्यापुढे गुडघे वाकवून, मान खाली घालून उभी असतात. ती पाठीवर हात ठेवते आणि ती अजून वाकतात. बाबासाहेबांनी आपल्याला माणसापुढे वाकण्यातून सोडवलं. या हॉलमध्ये मी ते पुन्हा सुरू होऊ देणार नाही."

आम्रपालीचा चेहरा उतरला. "पप्पा, तुम्ही आला होतात?" तिने विचारलं. "मग आत का नाही आलात?"

मध्येच नागोराव बोलले.

"साहेब, म्या वाकलो? पोरीपुढं? अहो, माझे गुडघे बघा हो तुम्ही! जिना चढताना नातू मागून ढकलायचा मला. ही पोरगी म्हणली, काका, गुडघे कुलूप लावल्यावानी ताठ ठेवता म्हणून दुखतेत, जरा सैल सोडा. तसं सैल सोडून उभे राहतो आम्ही. आज हा जिना एकट्यानं चढून आलो. वाकायला म्हणाल तर म्या कुणाच्या बापापुढं वाकलो न्हाई, तुम्हाला ठाऊक हाय."

सगळे हसले. ज्ञानदेव हसले नाहीत, पण त्यांना मनातून मोठा धक्का बसला होता. नागोराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. तरीही इतकी वर्षं धरलेली गोष्ट अशी हातातून सुटत नाही.

"गुडघ्याचं मान्य," ते म्हणाले. "पण मऊ व्हा, जागा द्या, हे कशासाठी? समोरचा अंगावर आला तर मऊ माणूस वाकणारच."

आम्रपाली उठली. तिने ओढणी कमरेला बांधली आणि हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. "मग ढकला मला."

"काय?"

"ढकला, पप्पा. मी वाकले तर मी स्वतःच हॉल सोडते, आणि वर्गही."

"अमू, वेड्यासारखं करू नकोस."

"सभेत ठेवलेला मुद्दा सभेतच सुटला पाहिजे ना? तुमचाच नियम आहे."

नियमाचं नाव काढल्यावर ज्ञानदेवांचा इलाज चालेना. त्यांनी बाह्या वर केल्या, पुढे आले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून, लहान बाळाला सरकवावं तसं, जरासं ढकललं.

"फोरमन ओव्हाळ एवढंच ढकलायचे?" आम्रपाली म्हणाली. मागून कुणीतरी खुसखुसलं.

मग ज्ञानदेवांनी खरंच जोर लावला. कारखान्यात रुळावर अडकलेली ट्रॉली हलवायला लावायचे, तसा. आणि जिथे खांदा होता तिथे त्यांना काहीच लागलं नाही. बिजागरीवरचं दार फिरावं तशी आम्रपाली कमरेतून फिरली होती, आणि ज्ञानदेव स्वतःच्याच जोराने तिच्या बाजूने पुढे निघाले होते. कोपऱ्यातल्या सतरंज्यांच्या ढिगावर जाऊन ते आदळलेच असते, पण त्यांच्या कोपराखाली तिचा हात आधीच होता.

"पुन्हा," ज्ञानदेव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आता फोरमन जागा झाला होता.

या खेपेला त्यांनी दोन्ही तळवे तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले, पाय रोवले आणि सरळ रेटलं. ती फिरली नाही. गुडघे थोडे सैल करून ती तिथेच बसल्यासारखी झाली, आणि ज्ञानदेवांना वाटलं आपण घरातली भिंत ढकलतोय. त्यांचा जोर तिच्यात जाऊन खाली फरशीत कुठेतरी मुरत होता. ते रेटत राहिले आणि त्यांचेच पाय सतरंजीवरून मागे घसरायला लागले.

पण ज्ञानदेवांना जे दिसलं ते वेगळंच होतं. आयुष्यभर त्यांची नजर एकाच गोष्टीवर तयार झाली होती. दरवर्षी दसऱ्याला खांद्यामागे बोटं घालून त्यांनी घरातल्या किती पाठी तपासल्या होत्या. पहिल्यांदा ती फिरली तेव्हा, आणि आता त्यांचं सगळं वजन अंगावर घेऊन उभी होती तेव्हाही, आम्रपालीची पाठ एकदासुद्धा वाकली नव्हती. मान सरळ, कणा सरळ. बोटं शिरायला जागाच नव्हती.

त्यांनी हात खाली घेतले. त्यांना धाप लागली होती, तिला नाही.

"पप्पा, एक कोडं घालू?" आम्रपालीने विचारलं. किती दिवसांनी! "मघाशी तुम्ही पडत होतात. मी तर जोर लावलाच नाही. मग पाडत कोण होतं?"

सगळी सभा ज्ञानदेवांकडे बघत होती. "माझाच जोर," ते शेवटी म्हणाले.

"आणि मी वाकले?"

आयुष्यात चूक कबूल करायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. "नाही," ते म्हणाले. मग मागच्या ओळीपर्यंत ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "नाही. वाकली नाही."

"सर, वाकतील कशा?" चैताली न राहवून बोलली. "मॅडमचा फर्स्ट डे माहितीये का तुम्हाला? त्या बागेतल्या वॉचमनच्या खोलीच्या भिंतीला लावून उभं करतात सगळ्यांना. टाचा, पाठ, खांदे, डोकं. आजोबांची भिंत म्हणतात तिला. ज्याची पाठ सरळ नाही त्याला पुढचं काहीच शिकवत नाहीत. मी चार रविवार नुसती भिंतीला होते!"

ज्ञानदेवांनी मुलीकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे तुला तिकडच्या बाईंनी शिकवलं?"

"नाही. त्यांच्याकडे पहिल्या दिवशी गेले, तर त्यांनी मला नुसतं उभं केलं आणि माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाल्या, पाठीचं काम तुझं आधीच झालंय. तुझे गुरू कोण? मी म्हटलं, माझे आजोबा." आम्रपालीने कमरेची ओढणी सोडली. "तुम्हाला हे कधीचं सांगायचं होतं. पण तुम्ही मला बुवा म्हणालात."

तैवानच्या बागेत कुणी परकी म्हातारी एका मुलीभोवती चक्कर मारते आणि तिला नगर जिल्ह्यातल्या सुख्याने सरळ केलेली पाठ दिसते, हे ज्ञानदेवांच्या छातीत मावेना. त्यांना वाटलं, आत्ता खिडकी उघडून आळंदी रोडवरच्या सगळ्या गाड्या थांबवाव्यात आणि ओरडून सांगावं. पण ते अध्यक्ष होते. ते आपल्या जागेवर परत गेले आणि उभे राहिले.

"मी घेतलेली हरकत चुकीची होती. ती मी मागे घेतो. मी अर्धवट बघितलं आणि पूर्ण बोललो," ते म्हणाले. "आता मत द्या. अर्जदार माझी मुलगी आहे, त्यामुळे मी मत देणार नाही."

"तुमचं मत लागतंय कुणाला?" संपतराव म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. नागोरावांचा हात त्याआधीच वर होता. बाकीचेही वर गेले.

घरी सत्यशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सभेत ढकललंत पोरीला," त्या म्हणाल्या. "घरी विचारलं असतंत तर निदान पाय घसरताना कुणी बघितलं नसतं." आणि चहाला आधण ठेवायला वळताना त्यांनी पदराने डोळे पुसले.

पुढच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये पहिला वर्ग भरला. बागेतल्यापेक्षा जास्त माणसं आली होती, कारण विश्रांतवाडीत बातमी पोचायला फारसा वेळ लागत नाही, आणि अध्यक्षांना मुलीने कसं फिरवलं ते सगळ्यांनाच बघायचं होतं. नव्या लोकांना आम्रपालीने भिंतीला लावून उभं केलं. त्या ओळीच्या अगदी टोकाला, पांढरा शर्ट घालून ज्ञानदेव उभे होते. पहिला दिवस म्हटल्यावर भिंत चुकत नाही, मग तो कुणीही असो. नियम त्यांना मान्य होता.

आम्रपाली एकेकाच्या खांद्यामागे बोटं घालून बघत येत होती. "पुन्हा. डोकं मागे. पुन्हा." बहुतेकांना पुन्हाच मिळत होतं. ती वडिलांपाशी आली. तिने बोटं घातली. आत शिरली नाहीत.

"सरळ," ती म्हणाली.

वडील गेल्यापासून हा शब्द ज्ञानदेवांना कुणी म्हटला नव्हता. घरात सगळ्यात मोठे तेच होते, त्यामुळे त्यांची पाठ बघायला कुणी उरलंच नव्हतं.

"आता खांदे सोडा, पप्पा."

"सोडलेत."

"नाही सोडलेत. तुम्ही ते जन्मभर धरून ठेवलेत. सोडा. पाठ पडणार नाही, मी आहे इथे."

ज्ञानदेवांनी डोळे मिटले. खांदे नक्की कुठून सोडायचे तेच त्यांना कळेना. मग तिच्या हाताची ऊब खांद्यांवर लागली, आणि कुठेतरी काहीतरी सुटलं, आणि दोन्ही खांदे खाली आले. ते घाबरून पाठीची वाट बघत राहिले. पाठ तशीच होती. आपण धरून ठेवतो म्हणूनच ती सरळ आहे, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. ती आपोआप उभी होती. आबांनी ती एकदा जी उभी केली, ती आता कुणाच्याही जोराशिवाय उभी राहत होती, त्यांच्यातही आणि पोरीतही.

आम्रपाली हॉलच्या मधोमध गेली. "नव्या लोकांसाठी सांगते," ती म्हणाली. "आपण जी सुरुवात करतो ती तैवानमधून आलेली नाही. ती माझ्या आजोबांची आहे. सुखदेव ओव्हाळ यांची."

"अमू," भिंतीपाशी डोळे मिटून उभे असलेले ज्ञानदेव म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "पूर्ण नाव घे."

आम्रपालीने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग हजेरी पुकारतात तशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "सुखदेव भिवाजी ओव्हाळ."

"हजर," ज्ञानदेव म्हणाले.